रानातलं घर बांधायचं तर आधी वाट मोजा

सिंधुदुर्गातल्या आंबोली, चौकुळ, तिलारीच्या पट्ट्यात रानाला लागून जागा घेतली की बहुतेक जण कागद-पेन्सिल घेऊन बसतात. ओटी कुठे, स्वयंपाकघर कुठे, खिडकीतून कुठला डोंगर दिसेल. हे सगळं ठरवायचंच आहे, पण आधी वजनाचा हिशोब करा. तो न करता काढलेला नकाशा पहिल्या महिन्यात बदलावा लागतो.

उदाहरणाला साधं घर घेऊ. बाहेरून २४ बाय १८ फूट, मध्ये एक आडवी भिंत, जोतं २ फूट, भिंत ९ फूट, वर चौपाखी, म्हणजे चारही बाजूंना उतरतं, कौलारू छप्पर. दोन माणसांना पुरेसं, चार पाहुणे आले तरी सामावणारं. याला जांभ्या दगडाचे चिरे लागतात साधारण १,५००. एक चिरा ३० ते ३५ किलोचा, म्हणजे नुसते चिरेच ५० टन. पायाचा काळा दगड, वाळू, खडी, सिमेंट, कौलं धरली की बेरीज शंभर टनांच्या वर जाते. डांबरी रस्त्यापर्यंत ट्रक येतो. तिथून पुढच्या कच्च्या चढावर दीड टन घेऊन जाणारी पिकअप चालणार असेल, तर सत्तर-ऐंशी फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीला भरणं आणि उतरवणं आलं, आणि तेवढ्या फेऱ्यांत वाटही खचते. डोक्यावरून माल न्यायची वेळ आली, तर चिऱ्याच्या किमतीपेक्षा तो वर पोचवायची मजुरी जास्त होते.

म्हणून बांधकामाचा पहिला खर्च वाटेवर करा. चढाच्या वळणावर दगडाचं सोलिंग, दोन्ही बाजूंना चर आणि ओढा ओलांडावा लागत असेल तर मोरीचा पाइप. पायासाठीचा दगड जागेवरच मिळतो का ते पाहा. मिळाला तर वीस-पंचवीस टन एकदम कमी होतात. आणि घर लहान ठेवा. चारशे फुटांचं घर सहाशेवर नेताना शहरात फक्त पैसे वाढतात, इथे फेऱ्या आणि महिने वाढतात. महिने तर तुमच्या हातात मोजकेच आहेत, दसऱ्यापासून मिरगापर्यंत, म्हणजे जूनच्या सुरुवातीच्या मृग नक्षत्रापर्यंत.

सातबारा नीट वाचा

जमिनीचा सातबारा हातात आला की मालकाच्या नावाआधी 'इतर हक्क' हा रकाना वाचा. 'खाजगी वन', 'वनसंज्ञा', 'आकारीपड', 'भोगवटादार वर्ग २', कुळाची नोंद, यांपैकी काहीही दिसलं तर बयाणा देऊ नका. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम १९७५ चा आहे. भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५(३) खालच्या जुन्या नोटिसांच्या आधारे असंख्य सातबाऱ्यांवर वनाच्या नोंदी चढल्या. गोदरेज अँड बॉइस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निकाल दिला की नुसती नोटीस निघाल्याने जमीन वन होत नाही. पण म्हणून तुमच्या गटावरची नोंद आपोआप जात नाही. ती कमी करून घेणं हे स्वतंत्र काम आहे आणि ते विकणाऱ्याने करून द्यायचं असतं. आंबोली, चौकुळ, गेळे या गावांत कबुलायतदार गावकर, म्हणजे गावाने सामायिक धरलेल्या, जमिनींचा प्रश्न आहे. तिथे कब्जा एकाचा आणि कागद भलताच असू शकतो.

शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असणं आवश्यक आहे, हे कूळ कायद्याचं कलम ६३. घरासाठी बिनशेती परवानगी लागते की शेतघर म्हणून भागतं, हे जागेच्या विभागावर ठरतं. उत्तर तहसील कार्यालय आणि नगररचना खात्याकडून लेखी घ्या. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात गाव आहे का, तेही त्याच फेरीत विचारा. भूमी अभिलेखची मोजणी करून हद्दीचे दगड रोवल्याशिवाय एक झुडूपही तोडू नका. हद्दीपलीकडे राखीव वन असेल तर दोन फुटांची चूकही गुन्हा ठरते. स्वतःच्या मालकीतली झाडं, ती १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या यादीतली असतील तर, तोडायलाही परवानगी लागते, आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना वेगळा.

जागा पावसात पाहा

जमीन विकणारा तुम्हाला डिसेंबरात नेतो. तुम्ही जुलैत जा. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. डिसेंबरात कोरडी ठणठणीत दिसणारी सपाटी जुलैत पाण्याची वाट असते. जमिनीतून कुठे पाणी फुटतं, कुठे पाय रुततो, कुठल्या घळीतून माती वाहून आली आहे, हे त्या एका फेरीत कळतं.

उताराकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. माळीण ३० जुलै २०१४ ला गेलं, तळीये २२ जुलै २०२१ ला, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. तिन्ही जुलैमध्ये, मुसळधार पावसात. झाडांचे बुंधे तळाशी वाकून मग सरळ वर गेलेले असतील तर माती हळूहळू सरकते आहे. वरच्या अंगाला जमिनीत अर्धगोल भेगा असतील, किंवा उतारावर नुकतीच जेसीबीने वाट कापलेली असेल, तर ती जागा सोडा. घळीच्या तोंडाशी घर नको. डोंगराच्या कण्यावरही नको, तिथे वारा कौलं उचलतो. नाकाडाच्या, म्हणजे पुढे आलेल्या डोंगरसोंडेच्या, खालच्या अंगाला, नैऋत्येकडून थोडा आडोसा मिळेल अशी सपाटी उत्तम.

सपाटी नसेल आणि उतार कापायचा असेल, तर घर पूर्ण कापलेल्या भागावर बसवा, भरावावर बसवू नका. उतार कापून निघालेली माती पुढे ढकलून अंगण मोठं करायचा मोह सगळ्यांना होतो. अंगण करा, पण पाया त्यावर येऊ देऊ नका. निम्मा पाया कातळावर आणि निम्मा भरावावर असला की पहिल्याच पावसाळ्यात भराव बसतो आणि दोघांच्या सांध्यावर भिंत जोत्यापासून वाशापर्यंत उभी चिरते. ती चीर नंतर कशानेही बुजत नाही.

पाया आणि जोतं

दसरा झाला की खोदाई. चर सव्वादोन फूट रुंद आणि किमान अडीच-तीन फूट खोल. खोली फुटांवर ठरवू नका, पहार मारल्यावर टणक मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खणा. खणताना मुळं लागली तर ती पूर्ण काढा. कुजलेल्या मुळाची पोकळी म्हणजे वाळवीला घरात यायची तयार वाट.

जमिनीखाली काळा दगडच घाला, चिरा नको. चिरा सच्छिद्र असतो, सतत ओल राहिली तर तो पाणी वर ओढतो आणि आतल्या भिंतीला दोन फुटांपर्यंत ओलीचा पट्टा दिसतो. दगड सिमेंट-वाळूच्या १:८ मसाल्यात, मोठा दगड खाली आणि सांधे चिपांनी भरलेले. नुसता मसाला ओतून पोकळी बुजवणारा गवंडी असेल तर त्याला तिथेच थांबवा.

चिऱ्याचं जोतं जाड हवं, एक चिरा आडवा म्हणजे १४ इंच. जोत्यावर सलग बीम घाला. ९ इंच रुंद, ६ इंच उंच, १० मिलिमीटरच्या चार सळ्या, ६ मिलिमीटरच्या रिंगा दर ८ इंचांवर. आपल्या घरासाठी एका बीमला साधारण ९५ ते १०० किलो लोखंड आणि आठ-नऊ पोती सिमेंट लागतं. असाच दुसरा बीम खिडक्या-दारांच्या डोक्यावरून सगळ्या भिंतींवर फिरवा, आडव्या भिंतीवरही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप याच डोंगररांगेतला. नुसत्या दगडी भिंती हादऱ्यात कोपऱ्यापासून सुटतात. हे दोन पट्टे कोपरे बांधून ठेवतात आणि जमीन थोडी बसली तरी भिंत फाटू देत नाहीत.

जोत्याच्या आतला भराव हे कंटाळवाणं काम आहे आणि म्हणूनच ते बिघडतं. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने ठोकलेला. काळी माती किंवा पालापाचोळा मिसळलेली माती चालत नाही, मुरूम हवा. भराव जोतं होताच संपवून त्याला दोन-तीन महिने बसू द्या. कोबा, म्हणजे सिमेंटची जमीन, सगळ्यात शेवटी, छप्पर झाल्यावर.

चिरा कसा घ्यावा

चिरेखाणी पावसाळ्यात बंद असतात. नोव्हेंबरात पहिला माल निघतो तेव्हा सगळ्यांचीच घाई असते, आणि त्या वेळी ओला, मऊ चिरा गळ्यात पडायची शक्यता जास्त. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि उघड्या हवेत हळूहळू टणक होतो. म्हणून चिरे आणून महिनाभर तरी उन्हात रचून ठेवा. रचतानाही दोन चिऱ्यांत बोटभर फट ठेवा, म्हणजे वारा फिरतो.

पारख अशी. चिरा उचलून दुसऱ्या चिऱ्यावर कडेने ठोका. खणखणीत आवाज आला तर चांगला, बद्द आवाज आला तर बाजूला. रंग सगळीकडे सारखा तांबूस हवा. पांढऱ्या किंवा पिवळ्या मातीच्या शिरा असतील तर ती माती पावसात धुऊन जाते आणि मागे भोकं राहतात, त्यांतून मुंग्या आणि पाणी दोन्ही आत येतात. नखाने खरवडल्यावर माती निघत असेल तर तो चिरा कुंपणाच्या गडग्याला वापरा, भिंतीला नाही. चिऱ्याची मापं खाणीगणिक बदलतात. साधारण १४ बाय ९ बाय ७ इंच धरलं, अर्ध्या इंचाचा सांधा धरला, तर ९ इंची भिंतीच्या १०० चौरस फुटांना १३२ चिरे बसतात. फूटतूट धरून १४० घ्या. आपल्या घराला भिंतींसाठी दार-खिडक्या वजा करून साधारण १,१०० आणि जोत्यासाठी ४००. सगळा माल एकाच खाणीतून, शक्य तर एकाच थरातून घ्या. दोन खाणींचा चिरा उंचीत पाव इंच वेगळा निघाला तर प्रत्येक थराला मसाला कमी-जास्त करावा लागतो आणि ओळ सरळ येत नाही.

बांधताना चिरा आधी पाण्याने भिजवा. कोरडा चिरा मसाल्यातलं पाणी शोषून घेतो, सिमेंट पकडत नाही आणि महिन्याभराने सांधा बोटाने भुरभुरतो. मसाला १:६. दोन्ही बीम सोडून भिंती आणि जोत्याला मिळून १६ ते १८ पोती सिमेंट आणि सव्वा ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) वाळू पुरते. उभे सांधे एकावर एक येऊ देऊ नका, किमान चार इंचांची चूक हवी. एका दिवसात चार थरांच्या वर चढू नका. खालचा मसाला ओला असताना वर वजन आलं की सांधा दबतो, भिंत ओळंब्यातून जाते, आणि ते दुसऱ्या दिवशी कळतं. कोपरे आधी उभे करा, मग दोरी लावून मधलं भरा. ओळंबा प्रत्येक थराला लावा.

पाणी मारायचं म्हणजे भिंतीला दिवसातून तीनदा, सात दिवस तरी. इथेच रानातली खरी अडचण सुरू होते. काम रंगात येतं तेव्हा फेब्रुवारी-मार्च असतो आणि झरे आटत असतात. चालू कामावर दिवसाला हजार-दीड हजार लिटर पाणी लागेल असं धरून चाला. दोन हजार लिटरची टाकी घराच्या वरच्या अंगाला ठेवली तर पाइप लावून पाणी मारता येतं, नाहीतर एक गडी दिवसभर कळशा वाहतो आणि संध्याकाळची पाळी हमखास चुकते.

बाहेरून गिलावा करू नका असं आमचं ठाम मत आहे. ओल भिंतीत कुठून तरी शिरतेच. उघड्या चिऱ्यातून ती वाळून जाते, गिलाव्यामागे अडकते आणि दोन-तीन वर्षांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. बाहेरून फक्त दरजा, म्हणजे सांध्यांची तोंडं, नीट भरून घ्या, सांधा अर्धा इंच कोरून, १:३ मसाल्याने दाबून. शेवाळ येईल, त्याने भिंतीचं काही बिघडत नाही.

छप्पर

या पट्ट्यात घर टिकतं ते छपरामुळे. स्लॅब घालू का, असं सगळे विचारतात. आपल्या मापाचा पाच इंची स्लॅब म्हणजे पाच घनमीटर काँक्रीट, चाळीस पोती सिमेंट, आणि हे सगळं एका दिवसात ओतून संपवायचं. रानात मिक्सर बंद पडला किंवा खडी संपली की काम अर्ध्यावर थांबतं, दुसऱ्या दिवशीचं काँक्रीट आदल्या दिवशीच्या काँक्रीटला धरत नाही, आणि त्या सांध्यातून घर पहिल्याच जूनमध्ये गळतं. शेवटी वर पत्रे घालावेच लागतात. मग आधीच कौलं का नकोत?

चौपाखी करा. दुपाखी घराच्या त्रिकोणी भिंतीवर झड थेट आपटते. चौपाखीत चारही भिंतींवर वळचण येते. वळचण तीन फूट हवी, त्याहून कमी नको. उतार ३० अंश ठेवा. २५ च्या खाली गेलात तर वाऱ्याबरोबर पाणी कौलाच्या चढापाशी उलटं शिरतं. ४० च्या वर गेलात तर कौलं घसरतात आणि प्रत्येक कौल बांधावं लागतं.

तीन फुटी वळचण धरून या छपराचं क्षेत्र सुमारे ८३० चौरस फूट भरतं. मंगलोरी कौलं चौरस मीटरला १५ बसतात, म्हणजे १,१६०. कोपऱ्यांवर तिरकी कापावी लागतात आणि वाहतुकीत फुटतात, म्हणून १,२८० घ्या. आढ्यासाठी आणि चार कोपऱ्यांच्या तिरक्या वाशांसाठी वेगळी अर्धगोल कौलं ८० लागतील. पश्चिमेला पडवी काढायची तर तीनशेच्या आसपास कौलं वाढतात. पडवी पाच फुटांपेक्षा रुंद करू नका. ३० अंशांच्या उतारात पाच फुटांना जवळजवळ तीन फूट उंची जाते, आणि त्यापुढे गेलात की पडवीच्या खांबाशी डोकं आपटतं.

रिपांचं, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांचं, अंतर पुस्तकातून घेऊ नका. आलेल्या कौलांपैकी बारा कौलं जमिनीवर एकात एक बसवून मापा, एकदा ताणून आणि एकदा दाबून, आणि मधलं माप धरा. ते बहुधा साडेबारा इंचांच्या आसपास येतं. रीप अर्धा इंच लांब पडली तर कौल खालच्या कौलावर नीट चढत नाही. ही चूक कौलं चढवेपर्यंत दिसत नाही, आणि मग सगळ्या रिपा उखडाव्या लागतात. खालून पहिली रीप इतरांपेक्षा एका कौलाच्या जाडीएवढी उंच ठेवा, नाहीतर पहिली ओळ पुढे झुकते. वळचणीच्या दोन ओळी आणि कोपऱ्यांची कौलं तारेने बांधाच, नैऋत्येच्या बाजूला तर चार ओळी.

लाकूड की लोखंड? वाशांना ऐन किंवा किंजळ उत्तम, दाराच्या चौकटीला फणस. पण परवान्याचं, वाळलेलं लाकूड मिळत नसेल तर ओलं लाकूड घालू नका. ते वाळताना पिळवटतं आणि कौलांच्या ओळी उघडतात. त्यापेक्षा लोखंडी पाइपचा सांगाडा बरा. सांगाडा खालीच जोडून, वेल्डिंगचे सांधे घासून, त्यांना प्रायमरचे दोन हात देऊन मग वर चढवा. गंज पाइपला नाही, सांध्याला आधी धरतो, आणि वर चढवल्यावर सांध्याच्या मागच्या अंगाला ब्रश पोचत नाही. पाइपची उघडी तोंडं बंद करा. त्यांत गांधीलमाश्या घर करतात.

लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावायची कोकणातली रीत आजही कामाची आहे. वाळवी आणि भुंगा दोन्ही लांब राहतात. लावताना रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, अंगाला लागलं तर फोड येतात. मात्र वाळवीचा खरा बंदोबस्त जोत्यावर होतो. लाकूड कुठेही मातीला टेकता कामा नये, खांबाखाली दगडी उथळं हवं, आणि जोत्याला लागून फुलझाडं नकोत. वाळवीची मातीची नळी जोत्यावरून चढताना डोळ्यांना दिसली पाहिजे.

आता माकडांचं. वानर आणि माकडं कौलांवर उड्या मारतात आणि एका सकाळी दहा-वीस कौलं फोडून जातात. याच कारणाने गावोगाव कौलं उतरून पत्रे चढले. पत्र्याखाली एप्रिलमध्ये बसवत नाही आणि जुलैत बोललेलं ऐकू येत नाही. यावर उपाय म्हणजे सांगाड्यावर आधी पत्रे, त्यावर उतारासोबत उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या रिपा आणि वर कौलं. कौल फुटलं तरी पाणी पत्र्यावरून निघून जातं. उभ्या पट्ट्या विसरू नका. आडव्या रिपा थेट पत्र्यावर ठोकल्या की प्रत्येक रिपेमागे पाणी आणि पाला साठतो आणि दोन पावसाळ्यांत पत्रा कुजतो. खर्च वाढतो, पण मधल्या हवेच्या थराने घर गार राहतं. आमच्या मते जंगलकाठच्या घराला आज हेच छप्पर योग्य.

पाणी, आत आणि बाहेर

घराच्या वरच्या अंगाला दहा-पंधरा फुटांवर दोन फूट रुंद, दीड फूट खोल चर काढा आणि तो दोन्ही बाजूंनी घराला वळसा घालून खाली न्या. डोंगरावरून येणारं पाणी जोत्याला लागताच कामा नये. पागोळ्या जिथे पडतात तिथे दगड बसवा, नाहीतर उडालेला चिखल भिंतीला कंबरेपर्यंत रंगवतो. पावसाळ्यात पश्चिमेच्या पडवीला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधायची जुनी पद्धत सोडू नका. खांबांना आकडे आधीच बसवून घेतले की दरवर्षी ते अर्ध्या दिवसाचं काम.

पिण्याचं पाणी झऱ्याचं असेल तर तो मे महिन्यात मोजा. दहा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. पाच मिनिटं लागली तरी दिवसाला जवळजवळ तीन हजार लिटर होतात, म्हणजे पुष्कळ झालं. काळा एक इंची पाइप उताराने आणा आणि वाटेत चढ येऊ देऊ नका. चढाच्या टोकाला हवा अडकते आणि पाणी थांबतं. चढ टाळता येत नसेल तर तिथे एक टी-जोड आणि लहान कॉक लावा.

झरा नसेल तर छपराचं पाणी साठवा. नोव्हेंबर ते मे, २१० दिवस, दोन माणसं, माणशी ७० लिटर, म्हणजे सुमारे ३०,००० लिटर. एवढं पाणी हे छप्पर जुलैतल्या काही दिवसांतच देतं, त्यामुळे अडचण टाकीची आहे, पावसाची नाही. चारही बाजूंना पन्हळी लावू नका, पाल्याने तुंबतात. टाकीच्या बाजूला एकच लावा आणि जुलै अर्धा होईपर्यंत पाणी बाहेर सोडा, कौलांवरची घाण धुऊन जाऊ द्या. टाकीला उजेड मिळता कामा नये आणि प्रत्येक तोंडाला बारीक जाळी हवी.

संडासाला दोन शोषखड्डे, आळीपाळीने वापरायचे, प्रत्येक सुमारे एक मीटर व्यासाचा आणि तेवढाच खोल. विहीर किंवा झऱ्यापासून किमान १५ मीटर आणि नेहमी खालच्या अंगाला. जांभ्यातून पाणी झपाट्याने झिरपतं, म्हणून जमलं तर अंतर याच्याही दुप्पट ठेवा. पावसाळ्यात जमिनीखालचं पाणी वर येत असेल तर खड्डा खणू नका, जमिनीवर उचलून बांधा आणि भोवती मातीचा भराव द्या. नाहीतर जुलैत खड्डा खालून भरतो आणि भांड्यातलं पाणी उतरत नाही.

विजेचं थोडक्यात. महावितरणचा खांब लांब असेल तर सोलर घ्या, पण एक किलोवॉटचं पॅनेल हिवाळ्यात दिवसाला चार युनिट देत असलं तरी धुक्याच्या जुलैत एकही देईल असं धरू नका. पावसाळ्यात दिवे, फोन आणि एक पंखा एवढ्यावरच बॅटरीचा हिशोब करा. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात विजा पडतात, अर्थिंग नीट हवं.

शेजाऱ्यांसाठी

रान तुमच्या आधी तिथे राहणाऱ्यांचं आहे. दाराखाली फट पाव इंचाहून जास्त नको, मोऱ्यांच्या तोंडाला जाळी हवी. घोणस आणि नाग दोन्ही उंदरामागे येतात, म्हणून धान्य पत्र्याच्या डब्यात आणि लाकडाची रास घरापासून वीस फूट लांब. उरलेले चिरे भिंतीला टेकवून ठेवू नका, ती सापांची आवडती जागा. गव्याला कुंपण अडवत नाही. दोडामार्गकडे हत्ती फिरतात, तिथे फणस आणि केळी घराला लागून लावू नका.

फेब्रुवारी ते मे वणव्याचे दिवस. घराभोवती तीस फुटांचा पट्टा जानेवारीतच झाडून, गवत कापून स्वच्छ करा. कौलांवर आणि पन्हळीत साचलेला पाला तेव्हाच काढा. उडत आलेली ठिणगी पडते ती तिथेच.

छप्पर एप्रिलअखेर पूर्ण झालं पाहिजे. मे महिना दारं, खिडक्या, कोबा आणि चरांसाठी. भिंती झाल्या आणि छप्पर राहिलं अशा अवस्थेत मिरग आला तर काम थांबवा आणि भिंतींची डोकी प्लास्टिकने बांधून टाका. भर पावसात घाईने चढवलेली कौलं पुढच्या वर्षी पुन्हा उतरवावी लागतात. छप्पर वेळेत झालं असेल, तर पहिल्या मोठ्या पावसात टॉर्च घेऊन आतून प्रत्येक वासा पाहा आणि पाणी दिसेल तिथे खडूने खूण करा. कौलांखाली पत्रा असेल तर खूण करताना लक्षात ठेवा, पत्र्याचं भोक ठिबकतं त्याच्या वरच्या अंगाला असतं. ओल्या कौलांवर चढू नका. सुट्टी कौलं पन्नास-साठ तरी पडवीत ठेवा, आणि खुणा बघून बदलायचं काम ऑक्टोबरात, छप्पर वाळल्यावर करा.